शरद ऋतू आणि शिशूंचे इंद्रियानुभवाधारित शिक्षण : शिराळा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मानवी जीवनातील पहिली तीन वर्षे ही शिक्षणाची खरी पायाभरणी करणारी वर्षे होत. या वयात बालक पुस्तकातून अथवा उपदेशातून शिकत नाही; ते हाताळून, हुंगून, चाखून, ऐकून आणि पाहून शिकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे नमूद केलेले आहे. तथापि या धोरणातील पायाभूत स्तराचा आरंभ तिसऱ्या वर्षापासून होतो. त्यापूर्वीचे मूल प्रामुख्याने घरात, अंगणात आणि ग्रामीण भागात शेताच्या बांधावर वाढत असते. साहजिकच त्याच्या शिक्षणाची जबाबदारी आई, आजी-आजोबा, अंगणवाडी सेविका यांच्याकडे येते.

एक ते तीन वर्षे वयाच्या शिशूंना ऋतूंची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु अलीकडे लहान गावांतूनही सुरू झालेल्या शिशुवर्गांत 'ऑटम' या शीर्षकाखाली लाल-केशरी मेपलची पाने, भोपळे आणि खारी यांची छापील चित्रे रंगविण्यास दिली जातात. ज्या मुलाच्या घरासमोर त्याच दिवसांत भाताची कापणी चालू असते, अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत असतात, त्या मुलाला 'शरद' म्हणून परदेशातील पानगळ शिकविली जाते. अनुभव आणि शब्द यांची ही फारकत शिक्षणाच्या आरंभीच घडते, ही चिंतेची बाब होय. प्रस्तुत लेखात सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१) शरद ऋतूचे स्थानिक स्वरूप स्पष्ट करणे.
२) इंद्रियानुभवाधारित बालशिक्षणाच्या महाराष्ट्रातील परंपरेचा परामर्श घेणे.
३) शिराळा परिसरात सहज उपलब्ध साधनांतून शिशूंसाठी करता येण्याजोग्या कृतींची मांडणी करणे.
४) सुरक्षितता, मर्यादा आणि महाविद्यालयांची भूमिका यांचा विचार करणे.

शरद ऋतूचे स्थानिक स्वरूप :

भारतीय कालगणनेनुसार आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने होत. इंग्रजी कालगणनेप्रमाणे साधारणतः सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा हा काळ आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील 'ऑटम' आणि आपला शरद हे कालदृष्ट्या जवळजवळ एकाच वेळी येत असले तरी त्यांचे स्वरूप भिन्न आहे. समशीतोष्ण प्रदेशात दिवस लहान होऊन थंडी वाढू लागली की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते. त्यामुळे पूर्वीपासून पानांत असलेली पिवळी-केशरी रंगद्रव्ये दृग्गोचर होतात, काही जातींत लाल रंगद्रव्य नव्याने तयार होते आणि अखेरीस पाने गळतात. तेथील पानगळीस मुख्यत्वे लहान दिवस आणि थंडी कारणीभूत असतात.

आपल्याकडील पानझडी वृक्षांची पानगळ मुख्यत्वे पाण्याच्या टंचाईशी निगडित असते. पावसाळा संपल्यानंतर जमिनीतील ओल हळूहळू कमी होते आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे शिशिरात, झाडे पाने टाकू लागतात. शरदात तर पावसाचे पाणी पिऊन झाडे भरगच्च हिरवी असतात. 'शरद म्हणजे पानगळ' हे समीकरण महाराष्ट्रात म्हणूनच चुकीचे ठरते. येथील शरदाची खरी लक्षणे वेगळी आहेत : पाऊस परतणे, आकाश निवळणे, दुपारचे ऊन तापणे, पहाटे दव पडणे, पिके पिवळी पडून सुगीस प्रारंभ होणे आणि रात्री स्वच्छ चांदणे पडणे. ज्यास सर्वसामान्यपणे 'ऑक्टोबर हीट' म्हणतात, ती उष्णताही याच ऋतूचा भाग होय. ढगांचे आच्छादन दूर झाल्याने ऊन थेट पोहोचते आणि जमिनीतील ओलाव्यामुळे हवा दमट राहते, असे त्याचे कारण सांगता येते.

शिराळा तालुक्यात ही सर्व लक्षणे ठळकपणे दिसतात. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीत हा तालुका वसला आहे. वारणा आणि मोरणा या नद्यांचे खोरे, पश्चिमेस चांदोलीचे अरण्य आणि पूर्वेकडे कमी होत जाणारा पाऊस असे त्याचे भौगोलिक स्वरूप आहे. पश्चिम भागात भात व नाचणी, तर नदीकाठच्या भागात ऊस, भुईमूग, सोयाबीन ही पिके दिसतात. याच जिल्ह्यातील जत, आटपाडी हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. एकाच जिल्ह्यात शरदाचे रूप इतके बदलत असेल, तर दूरदेशीचे चित्र सर्व मुलांना सारखेच देण्याने काय साध्य होते, याचा विचार शिक्षकांनी करणे आवश्यक आहे.

सैद्धांतिक अधिष्ठान व महाराष्ट्रातील परंपरा :

ज्ञानेंद्रियांचे शिक्षण हा बालशिक्षणाचा पाया आहे, हा विचार नवीन नाही. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह सुरू केले आणि स्पर्श, आकार, वजन, ध्वनी, गंध यांचे भेद ओळखण्यासाठी स्वतंत्र साधने निर्माण केली. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या व त्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून येथील अनेक शिक्षक तयार झाले. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंतच्या अवस्थेस संवेदक-कारक अवस्था म्हटले. या अवस्थेत बालकाचा विचार हा त्याच्या कृतीहून वेगळा नसतो. वस्तू हलविणे, टाकणे, तोंडात घालणे हीच त्याची विचार करण्याची रीत असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी यात प्रौढाच्या सहभागाचे आणि भाषेचे महत्त्व अधोरेखित केले. वस्तू मुलाच्या हाती असणे पुरेसे नाही. ती हाताळताना जवळच्या माणसाने उच्चारलेला शब्द अनुभवाला अर्थ देतो.

भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंच्या असे लक्षात आले की, माँटेसरी पद्धतीची महागडी साधने ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत पोहोचू शकणार नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांच्या साथीने १९५७ पासून हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे स्थिरावले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज तो पालघर जिल्ह्यात येतो. येथे बिया, शिंपले, पाने, फुले, खडे, माती या परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे स्थान मिळाले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा हे प्रयोग झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कोसबादच्या प्रयोगाचे मोल असे की, 'साधन नाही म्हणून शिक्षण नाही' ही सबब त्याने कायमची मोडीत काढली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. मात्र या योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षण हे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असून तीन वर्षांखालील मुलांपर्यंत सेवा प्रामुख्याने पोषण आहार, लसीकरण व गृहभेटी या मार्गांनी पोहोचते. २०२४ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठी 'नवचेतना' हा आराखडा प्रसिद्ध केला. त्यामुळे या दुर्लक्षित वयोगटाच्या उद्दीपनाकडे शासकीय पातळीवर लक्ष वेधले गेले आहे. आता आराखड्यातील कृतींना त्या त्या परिसराचा आशय देणे, हे काम स्थानिक पातळीवरच होऊ शकते.

शिराळा परिसरातील शरदानुभव – इंद्रियनिहाय कृती :

पुढील कृती घर, अंगण व अंगणवाडी या तिन्ही ठिकाणी करता येतील. त्यांस खर्च येत नाही. मात्र प्रत्येक कृतीत एक प्रौढ व्यक्ती मुलाच्या शेजारी बसलेली असणे ही अनिवार्य अट होय.

अ) स्पर्श : शरदातील पहाट ही स्पर्शशिक्षणाची उत्तम वेळ होय. दवाने भिजलेल्या, आखूड कापलेल्या आणि आधी नीट पाहून घेतलेल्या गवतावर मुलास हात धरून अनवाणी चालू द्यावे. सकाळची उन्हे वर आल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा न्यावे. 'ओले' आणि 'कोरडे', 'गार' आणि 'कोमट' हे भेद त्याच्या तळपायांना प्रथम कळतात आणि शब्द नंतर येतो. नुकत्याच उपटलेल्या भुईमुगाचा वेल हे दुसरे साधन आहे. मुळांना चिकटलेली माती, शेंगेची खडबडीत जाळीदार साल आणि आतील दाण्याची गुळगुळीत कांती असे तीन स्पर्श एकाच वस्तूत मिळतात. भाताची लोंबी व नाचणीचे कणीस शेजारी ठेवल्यास एक खाली झुकणारे, तर दुसरे बोटांसारखे आत वळलेले असा फरक दोन-अडीच वर्षांचे मूल हाताने ओळखू शकते.

आ) गंध : परतीच्या पावसाची सर येऊन गेल्यावर मातीस येणारा वास, ताज्या पिंजराचा वास, झेंडूचे पान चुरगळल्यावर बोटांना लागणारा उग्र वास, दिवाळीतील उटण्याचा वास हे या ऋतूचे ठळक गंध होत. फडक्याच्या छोट्या पुरचुंड्यांत झेंडूच्या पाकळ्या, वाळके गवत व उटणे बांधून त्या मुलास हुंगण्यास द्याव्यात. एका वेळी दोनच गंध द्यावेत. अधिक दिल्यास शिशू गोंधळते.

इ) श्रवण : शरद हा ध्वनीचाही ऋतू आहे. पावसाची संततधार थांबल्यामुळे पावसाळ्यात न ऐकू येणारे बारीक आवाज आता स्पष्ट होतात. वाळलेली भुईमुगाची शेंग कानाजवळ हलविल्यास आतील दाणा वाजतो; ओली शेंग मात्र वाजत नाही. हा फरक शोधणे हे दोन वर्षांच्या मुलासाठी वैज्ञानिक निरीक्षणच असते. मळणीचा आवाज, सुपातून धान्य पाखडतानाचा सळसळाट, सुकलेल्या पिंजरावर चालतानाचा चुरचुराट हे आवाज डोळे मिटून ओळखण्याचा खेळ अडीच वर्षांपुढील मुलांस आवडतो.

या संदर्भात हादग्याच्या खिरापतीचा उल्लेख आवश्यक ठरतो. आश्विनात सूर्य हस्त नक्षत्री असताना खेळल्या जाणाऱ्या हादग्यात डबा झाकून, हलवून, आवाज व वासावरून आतील पदार्थ ओळखण्याची रीत आहे. श्रवण, गंध, स्मरण आणि तर्क यांना एकत्र आणणारी ही कृती आधुनिक बालशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात शोभेल अशी आहे. ती लोकपरंपरेने पिढ्यान्पिढ्या जपली, ही लक्षणीय बाब आहे.

ई) दृष्टी : हिरवे शेत पिवळे होणे हा या ऋतूतील सर्वांत मोठा दृश्य बदल होय. मात्र शिशूला आठवडाभरापूर्वीच्या रंगाशी तुलना करणे अवघड जाऊ शकते. त्यासाठी एकच ठरावीक जागा निवडून तेथे वारंवार जाणे आणि प्रत्येक खेपेस एक लोंबी आणून दोरीस बांधणे उपयुक्त ठरते. दोरीवरील हिरवी ते सोनेरी अशी रांग हीच त्याची दिनदर्शिका बनते. घटस्थापनेच्या वेळी मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत उगवताना पाहणे, दिवाळीच्या किल्ल्यावर पेरलेली मोहरी अथवा अळीव अंकुरताना पाहणे, हे वाढीचे प्रत्यक्ष दर्शन होय. ज्या कुटुंबांत वा वर्गांत हे विधी होत नाहीत, तेथे केवळ मातीच्या परळात धान्य पेरूनही हाच अनुभव देता येतो. दसऱ्यास येणारे आपट्याचे जोडपान आणि त्याच्याशी साम्य असलेले कांचनाचे मोठे पान यांची तुलना करता येईल. त्यासाठी फांद्या तोडण्याऐवजी एखाद-दुसरे पान पुरते, हेही मुलाने मोठ्यांच्या वर्तनातून शिकावे. कोजागरीच्या रात्री अंगणात नेऊन चंद्रप्रकाशातील स्वतःची सावली दाखविणे हा अनुभव तर स्वच्छ आकाशाच्या या ऋतूत सुलभतेने मिळतो.

उ) चव : उकडलेले रताळे, बिया काढलेला सीताफळाचा गर, मऊ पिकलेला पेरू, भिजवलेले पोहे, उकडून पूर्णतः कुस्करलेले भुईमुगाचे दाणे ही शरदाची चव होय. एकच पदार्थ कच्चा पाहणे, हाताळणे आणि शिजल्यावर चाखणे या क्रमाने गेल्यास शेत आणि ताट यांचा संबंध मुलाच्या मनात जुळतो. नवा पदार्थ देताना आग्रह नसावा. नुसते बोट लावून चाटणे हेही शिक्षणच आहे.

ऊ) शरीरभान व तोल : पाच ज्ञानेंद्रियांइतकेच स्नायू व सांधे यांतून मिळणारे ज्ञान महत्त्वाचे असते. स्वच्छ, झाडून घेतलेल्या पिंजराच्या थरावर लोळणे, गवताची लहानशी पेंढी उचलून आजोबांच्या हाती देणे, रिकामी पाटी ढकलणे, रुंद बांधावरून हात धरून चालणे या कृतींतून वजन, तोल व अंतर यांची जाण येते. सुगीच्या कामात 'मदत' करण्याची शिशूची हौस ही अडचण न मानता संधी मानली पाहिजे.

भाषेचे स्थान :

वरील कृतींचे शैक्षणिक मूल्य त्यांच्या सोबतीने होणाऱ्या संभाषणावर अवलंबून असते. दीड वर्षाचे मूल थोडे शब्द बोलते, परंतु त्याहून कितीतरी अधिक शब्द समजते. दोन वर्षांच्या सुमारास ते दोन शब्दांची वाक्ये जोडू लागते. या वयात वस्तू, कृती आणि शब्द एकाच क्षणी मिळाले तर शब्द पक्का रुजतो. शिराळा परिसरातील एखाद्या घरात आजी नातवाला सहज म्हणते, "बघ बाळा, आज्जानं काय आणलंय? शेंग हाय शेंग. हलवून बघ, वाजती का?" मूल शेंग हलविते, थांबते, पुन्हा हलविते. आजी म्हणते, "वाजली! आता ही ओली घे. ही वाजती का?" या मोजक्या वाक्यांत नाम, क्रियापद, विशेषण, प्रश्न, तुलना आणि निष्कर्ष हे सर्व आले आहे. आजीने त्यास शिक्षण म्हटले नाही, इतकेच.

येथे बोलीचा प्रश्न उपस्थित होतो. 'हाय', 'वाजती' अशा रूपांमुळे मूल अशुद्ध बोलेल, या भीतीने काही पालक घरातील वृद्धांना मुलाशी प्रमाणभाषेत किंवा तुटक इंग्रजीत बोलण्यास सांगतात. परिणामी वृद्ध बोलणेच कमी करतात. लोंबी, पेंढी, भारा, गंजी, पिंजर, तूस, कणी, वैरण, सूप, पाटी, खळे हा सुगीचा शब्दसंग्रह अत्यंत नेमका आहे. गवताच्या एका काडीपासून रचलेल्या गंजीपर्यंत प्रत्येक अवस्थेस त्यात स्वतंत्र शब्द आहे. हा शब्दसंग्रह असलेले मूल पुढे प्रमाणभाषा सहज आत्मसात करते. परंतु शब्दच न मिळालेल्या मुलाची उणीव भरून काढणे कठीण जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही आरंभीच्या वर्षांत घरच्या भाषेस महत्त्व दिले आहे.

सुरक्षितता :

शिशू प्रत्येक वस्तू तोंडात घालते, हे गृहीत धरूनच कृती आखाव्यात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, मक्याचे दाणे घशात अथवा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. ते या वयात मुलाच्या हाती एकटे देऊ नयेत. वाजणाऱ्या शेंगेचा खेळ झाला की शेंग परत घ्यावी. गुंज, एरंड, धोत्रा, कण्हेर यांच्या बिया विषारी आहेत, तर रुईचा चीक डोळ्यांस घातक आहे. सीताफळाच्या बियाही मुलांपासून दूर ठेवाव्यात. शेतातील अथवा बाजारातील झेंडू, भाजी, सोयाबीन यांवर कीटकनाशकाची फवारणी झाली नसल्याची खात्री करून घ्यावी व प्रत्येक कृतीनंतर हात धुवावेत.

शिराळ्यात सर्पांचा विषय स्वतंत्र नोंद घेण्याजोगा आहे. नागपंचमीमुळे 'बत्तीस शिराळा' हे नाव सर्वदूर झाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांना पकडण्यास व त्यांच्या प्रदर्शनास प्रतिबंध झाला. येथील मुलांच्या मनात सापाविषयी भयापेक्षा आदर अधिक आढळतो, ही जमेची बाजू आहे. मात्र सुगीच्या दिवसांत उंदरांच्या मागे घोणस, नाग यांसारखे विषारी साप भाताच्या शेतात आणि गवताच्या गंजीजवळ येतात, तर पिंजराखाली विंचू असू शकतो. म्हणून शिशूसाठी वापरावयाचे पिंजर प्रथम प्रौढाने काठीने पसरून, उन्हात झाडून घ्यावे. दवावर चालण्यासाठी उंच गवत नव्हे, तर मोकळे अंगण निवडावे. 'आदर म्हणजे दूर राहून पाहणे' हा संस्कार मातीचा नाग दाखवूनही देता येतो. दिवाळीत फटाक्यांचा आवाज व धूर यांपासून शिशूस दूर ठेवणे हेही याच सूचनांत येते.

अनुभवाची विपुलता आणि लक्ष देण्याचा अभाव :

ग्रामीण मुलास निसर्ग आपोआप मिळतो, त्यासाठी वेगळ्या कृतींची गरज काय, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो अंशतः खरा आहे. परंतु सान्निध्य आणि शिक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ऊसतोड कामगारांची मुले. शरदाच्या उत्तरार्धात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडसह मराठवाड्यातील व अन्य जिल्ह्यांतील मजूर कुटुंबे सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात येतात. त्यांची शिशू वयाची मुले उसाच्या फडाच्या कडेला, कोपीत वाढतात. माती, पाचट, वाढे, दव, ऊन हे सर्व त्यांच्या वाट्याला गरजेहून अधिक येते. नसते ते शेजारी बसणारे माणूस. आई पहाटेपासून फडात असते, थोरली बहीण स्वतः बालिका असते, आजी-आजोबा गावी राहिलेले असतात आणि अंगणवाडीचे नाव मूळ गावच्या पटावर असते. इंद्रियांना अनुभव भरपूर, पण त्यास शब्द आणि सुरक्षा देणारे कोणी नाही, अशी ही स्थिती आहे.

या उदाहरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, इंद्रियानुभवाधारित शिक्षणात दुर्मीळ संसाधन हे साहित्य नसून प्रौढाचा वेळ आहे. दुसरी, अशा कृतींची शिफारस करणे हे पोषण, आरोग्य व मजुरीच्या प्रश्नांस पर्याय ठरू शकत नाही. भुकेल्या किंवा आजारी मुलाचे कुतूहल मावळते. म्हणूनच शिशुशिक्षणाचा विचार हा कुटुंबाच्या उपजीविकेच्या विचारापासून तोडता येत नाही.

नेमकी उलट स्थिती नोकरदार कुटुंबांत दिसते. तेथे साधने व शिक्षण यांची वाण नसते. परंतु मुलास माती लागू नये म्हणून जपले जाते आणि शांत बसण्यासाठी हाती मोबाईल दिला जातो. पडद्यावरील शेंग दिसते आणि वाजते. मात्र तिला वजन, गंध, ओल वा चव नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका वर्षाच्या मुलास पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही वेळ एका तासापेक्षा अधिक नसावी, असे म्हटले आहे.

निरीक्षण व नोंद :

या वयात परीक्षा, गुण वा तुलना यांना स्थान नाही. मूल किती वेळ रमले, कोणती वस्तू पुन्हा मागितली, कोणता नवा शब्द उच्चारला, कशास घाबरले, एवढीच नोंद पुरेशी आहे. काही मुलांना ओला किंवा चिकट स्पर्श सहन होत नाही. त्यांना सक्ती न करता प्रथम पाहू द्यावे. एखादे मूल आवाजास सातत्याने प्रतिसाद देत नसेल अथवा नजरेस नजर देत नसेल, तर अशा नोंदीमुळे ती बाब लवकर लक्षात येऊन वैद्यकीय सल्ला घेता येतो. एका बैठकीस पाच ते दहा मिनिटे पुरतात. एकाच वस्तूकडे अनेक दिवस पुन्हा पुन्हा जाणे हे रोज नवी वस्तू देण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते, कारण पुनरावृत्ती हीच शिशूची अध्ययनपद्धती आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

हा विषय केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील विविध विभागांना त्यात पुढीलप्रमाणे योगदान देता येईल.

१) वनस्पतिशास्त्र विभागाने आपल्या परिसरातील शरद ऋतूतील सुरक्षित व विषारी वनस्पतींची सचित्र यादी करून अंगणवाड्यांना द्यावी.
२) मराठी विभागाने सुगीशी निगडित बोलीतील शब्दांचे संकलन ज्येष्ठ व्यक्तींकडून करावे.
३) भूगोल विभागाने तालुक्यातील पर्जन्य व पिके यांनुसार स्थानिक ऋतुदिनदर्शिका तयार करावी.
४) गृहविज्ञान व मानसशास्त्र विभागांनी पालक व सेविकांसाठी छोट्या कार्यशाळा घ्याव्यात.
५) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ऊसतोड वस्त्यांवरील शिशूंसाठी खेळघर चालवावे आणि स्थानिक अंगणवाडीत त्यांची नोंद होण्यासाठी पाठपुरावा करावा.

अशा कामातून पदवीच्या विद्यार्थ्यांनाही आपल्या विषयाचा समाजाशी असलेला संबंध उमगेल आणि उद्या पालक होणारी पिढी घडेल, हा दुहेरी लाभ होय.

निष्कर्ष :

शरद ऋतू हा शिशूसाठी शिकविण्याचा पाठ नसून जगण्याचा काळ आहे. परदेशी पानगळीची चित्रे वाईट नाहीत; परंतु अनुभवाच्या आधी आलेले चित्र हे मुलास रिकामा शब्द देते. शिराळ्यासारख्या परिसरात दव, लोंबी, शेंग, झेंडू, चांदणे ही सर्व साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी परिसरातील वस्तूंतून शिक्षण उभे करता येते हे सुमारे पाऊण शतकापूर्वीच दाखवून दिले. आजची गरज ही नव्या साधनांची नसून त्या विचाराला तीन वर्षांखालील मुलांपर्यंत नेण्याची, घरातील वृद्धांच्या बोलीला प्रतिष्ठा देण्याची आणि ज्या मुलांच्या शेजारी बसण्यास कोणी नाही त्यांच्यासाठी माणूस उभा करण्याची आहे. मेपलचे पान मुलाला पुढे केव्हाही पुस्तकात भेटेल. अंगणात वाळणारी शेंग मात्र त्याच्या हाती याच दिवसांत आणि याच वयात पडली पाहिजे.